काचेवरची गोणी

पाहुण्यांची दोन बैलांची दमणी दारात येऊन उभी, आणि माझ्या सुनेने काय करावं? माझ्या काचेच्या कपाटावर बैलाच्या पाठीवरच्या जुन्या गोण्या टांगल्या. एक नाही, दोन. वरून फरशीवर घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या अंथरल्या, जसं काही त्या खोलीत कोणाला बाळंत व्हायचं होतं. जमनी तिचं नाव. वणीकडच्या तांड्यातली, बाप कोळशाचे ट्रक भरतो. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तीन वर्षांत ती मला एक उलट शब्द बोलली नाही, एवढं मी कबूल करते. पण तोंड न उघडता एखादी बाई घराची अब्रू कशी चव्हाट्यावर आणते, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्या दिवशी तरी मला तसंच वाटलं.

आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारे. तांडा ढाणकीपासून दोन कोसांवर. घरात आमची गोरबोली चालते, बाजारात वऱ्हाडी. इथं मी सगळ्यांचं बोलणं मराठीत लिहिते, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. माझा नवरा लखीराम तांड्याचा नायक. भांडण असो, सोयरीक असो, शेवटचा शब्द नायकाचा. मुलगा देवसिंग पंचायत समितीत जातो, इस्त्रीचा सदरा घालतो. मी हंसाबाई, नायकण.

तांड्यात सिमेंटची पहिली खोली आमची. सन त्रेसष्टच्या दसऱ्याला पुरी झाली. भिंती गुळगुळीत, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. त्याच महिन्यात देवसिंगने बॅटरीचा रेडिओ आणला, छतावर दोन बांबू रोवून तारेची जाळी बांधली. रेडिओ नुसता टेबलावर ठेवायचा म्हणजे पाटलाच्या घरी ठेवतात तसं झालं. मला त्याहून बरं हवं होतं. उमरखेडला एका कापडवाल्याने दुकान मोडलं, त्याचं काचेचं कपाट मी घेतलं. पुरुषभर उंच, भिंतीएवढं रुंद, समोरून सगळी काच. कडब्यात गुंडाळून बैलगाडीने आणलं, आणि काचेला धक्का बसू नये म्हणून मी गाडीच्या बाजूने अर्धी वाट पायी चालले. त्यात माझी पितळेची भांडी लावली, सासूची चांदीची कडी लावली. पुढे टेबल, टेबलावर रेडिओ. आणि कपाटापासून हातभर अंतरावर नायकाची खुर्ची, म्हणजे दारातून येणाऱ्याला एका नजरेत नायक दिसावा आणि त्याच्या बाजूला चकचकीत सगळं.

नायकाचा डावा कान लहानपणीच गेला होता, बैलाचं शिंग लागून. ऐकायचा तो उजव्याने. खुर्ची मी अशी ठेवली की त्याचा उजवा कान थेट काचेकडे. ते मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसत होती भांडी.

खोलीत बोललेलं घुमायचं. रेडिओ लावला की एक आवाज पेटीतून आणि दुसरा काचेतून, भिंतीतून, फरशीतून. पोरं दारात येऊन आपापलं नाव ओरडायची आणि परत आलेलं ऐकून खिदळायची. मला तो मोठेपणा वाटला. ढाणकीच्या पाटलीणबाई, बेबीताई, माझ्याकडे येत-जात असत. त्यांना मी म्हटलंसुद्धा, "देवळात बोलल्यासारखं वाटते का नाई?" त्या म्हणाल्या, "व्हय हो, पण काय बोलून राह्यले ते समजत नाई." मी मनात म्हटलं, हिच्या घरी मातीच्या भिंती, हिला काय समजणार.

दिवाळी झाली आणि वेचणी सुरू झाली. कापूस ठेवायला आमच्याकडे दुसरी जागा नव्हती. नव्या खोलीत छातीइतका कापूस भरला. कपाट अर्ध्याच्या वर झाकलं गेलं आणि मी रोज चिडचिड केली. रेडिओ खिडकीत ठेवला. नायक संध्याकाळी कापसात पाठ टेकून बसे आणि तासभर ऐके. सकाळी निंबाखाली बसून सगळ्या तांड्याला बातम्या सांगे, कुठे पाऊस, कुठे काय भाव, कोणता मंत्री काय बोलला. एकदा देवसिंगने भाव चुकीचा सांगितला तर याने तिथल्या तिथं दुरुस्त केला. रेडिओवर विनोदाचं काही लागलं की हा हसायचा, आणि बरोबर जागेवर हसायचा.

संक्रांतीनंतर कापूस उमरखेडला जिनात गेला. मी खोली झाडली, काच पुसली, खुर्ची परत कपाटाजवळ आणली. जीव थंड झाला माझा.

आणि नायक बिघडला.

रेडिओपुढे बसे, पण सकाळी सांगायला त्याच्याकडे काही नसे. "काल काय सांगितलं?" विचारलं तर म्हणे, "तेच ते." लोक हसले की मागाहून हसे. तांड्याची पंचायतही आता त्याच खोलीत बसायची. देवीलाल आणि त्याच्या भावाचं विहिरीच्या पाळीवरून भांडण आलं. देवीलालचं बोलणं झालं, भाऊ बोलायला लागला तर याने मधेच निकाल देऊन टाकला. भाऊ म्हणाला, "नायक, माहं तं अर्धंच झालं." हा त्याच्याकडे बघून नुसता हसला. लोक खाली माना घालून निघून गेले. पाणवठ्यावर मी जायच्या आधी बायका बोलत असत, मी गेले की गप्प होत. मला समजत होतं काय बोलतात ते. म्हातारा गेला कामातून.

लाज वाटली मला. लाजेत माणसाने गप्प बसावं, पण मला ते जमत नाही. मी त्याला एकटं गाठून म्हटलं, "येडे झाले का तुम्ही? काय समजून निकाल देता? ऐकू नाई आलं तं तोंड उघडू नोका. नुसती मान हालवत जा, हसत जा. लोकाईले वाटलं पाह्यजे का समजलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बरं."

त्या दिवसापासून तो मान हलवू लागला. कोणीही काही म्हणो, हा हसून मान हलवणार. मला वाटलं, चला, निदान हे तरी ऐकतो.

आता आमच्यातली रीत सांगते. सून सासऱ्यासमोर घुंगट ओढून राहते आणि तोंड उघडत नाही. तिला सासऱ्याला काही सांगायचं असलं तर ते सासूला सांगायचं, सासू पुढे सांगणार. म्हणजे जमनीच्या मनातलं नायकापर्यंत पोचायला रस्ता एकच, तो माझ्यातून.

एक दिवस मी पाहिलं तर ही पोर रिकाम्या खोलीत उभी राहून टाळ्या वाजवतेय. कपाटापाशी एक टाळी, मग दाराशी एक, मग पुन्हा कपाटापाशी. कान लावून ऐकते आणि परत वाजवते.

"काय वं, भूत उतरवून राह्यली का?" मी म्हटलं.

ती दचकली. मग म्हणाली, "याडी, कापूस होता तवा बाले समदं समजत होतं."

याडी म्हणजे आई, बा म्हणजे बाप. आमच्यात सासू-सासऱ्यालाही तेच म्हणतात.

"कापूस काय बोलत होता का त्यायच्यासंग?"

"नाई. कापूस चूप होता. काच चूप राहत नाई. रेडिओ एक शब्द बोलते, काच त्याच्यावर आपला घालते. बाचा चांगला कान नेमका काचेकडं. खुर्ची तिकडं दाराजवळ नेली तं..."

"खुर्ची तिथंच राहीन."

"मंग काचेवर एखादी गोधडी..."

"तुह्या बापाच्या घरी काच पाह्यली होती का कधी? कोळशाच्या धुळीत वाढलेली तू, मले काच शिकवते?"

तिने ते देवसिंगलाही सांगितलं होतं, हे मला मागाहून समजलं. देवसिंग म्हणाला होता, "याडीले विचार." आमच्या घरात सगळ्यांचं उत्तर तेच असायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

होळी जवळ आली. होळीला आमच्याकडे शेजारच्या तांड्यांतले लोक येतात, रात्रंदिवस लेंगी गातात, नाचतात, नायकाच्या दारात मान घेतात. त्या सगळ्यांसमोर हा नुसती मान हलवत बसणार, आणि ती गोष्ट पुसदपासून किनवटपर्यंत जाणार. ते मला सहन होणार नव्हतं. मी ठरवलं, होळीच्या आधी पगडी देवसिंगच्या डोक्यावर जायला पाहिजे.

देवसिंग म्हणाला, "बा बसला असताना मी पगडी कशी घालू? लोक थुंकतीन माह्यावर."

"लोक आताच हसून राह्यले तुह्या बापावर. थुंकी बरी का हासणं बरं, तूच सांग."

मी कारभाऱ्याला निरोप पाठवला. उत्तमसिंग कारभारी, नायकाच्या हाताखालचा जुना माणूस, पंचांतला मोठा. त्याला मी सांगितलं की नायकाला आता झेपत नाही, त्याची स्वतःचीच इच्छा आहे. हे खोटं होतं. नायकाशी मी याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आणि बेबीताईंनाही बोलावणं धाडलं, ढाणकीत चार माणसांना कळावं की नायकाच्या घरात सगळं रीतीने झालं.

त्या दिवशी पंच अंगणात जमले. बेबीताईंची दमणी आली. मी त्यांना हाताला धरून थेट नव्या खोलीत नेलं, आणि दारातच माझे पाय थांबले.

त्या गोण्यांबद्दल सांगायला पाहिजे. आमची वडीलधारी माणसं लदेणी करायची. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायची. ज्या गोण्यांत ते भरत त्या बायका घरी विणत. बोटाएवढा जाड ताणा, वर सुताची नक्षी, काठाला कवड्या. या दोन माझ्या सासूच्या हातच्या. शेती आली, लदेणी गेली, आणि मी त्या माळ्यावर ढकलल्या. का? तर बेबीताईंना मी एकदा सांगून बसले होते की आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेतीच. बैलांमागे फिरलेले ते दुसरे, आम्ही नाही. कोणी विचारलंही नव्हतं. त्यांच्या माजघरातल्या पितळी डब्यांच्या ओळी बघून माझ्या तोंडून निघालं होतं.

आणि आता त्याच गोण्या माझ्या कपाटावर. काच दिसेना, भांडी दिसेनात, कडी दिसेनात. जमनी स्टुलावर उभी राहून दुसरीची दोरी खिळ्याला बांधत होती.

"काय सुंदर काम हाये हो!" बेबीताई म्हणाल्या. "कोणाची ही?"

मी म्हटलं, "हिच्या माहेरचं भिकार सामान. सांगितलं होतं बाहेर आणू नोको म्हणून."

असं म्हणाले मी. जमनीच्या तोंडावर म्हणाले. तिने स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं. त्या गोण्या कोणाच्या हातच्या ते तिला पक्कं माहीत होतं, माळ्यावरून उतरवताना तिने देवसिंगला विचारलं होतं.

मी पुढे झाले आणि टांगून झालेली गोणी दोन्ही हातांनी ओढली. जुना दोरा, तटकन तुटला. काठाच्या कवड्या फरशीवर गारांसारख्या उडाल्या, आणि त्या खोलीने तो आवाज घेतला आणि वाढवून परत दिला. दुसरी गोणी मी तिच्या हातातून हिसकावली. गोधड्या पायाने गोळा करून कोपऱ्यात लोटल्या. म्हटलं, "जा चुलीपाशी. पुन्हा या खोलीत दिसली तं पाह्य."

तिने ओणवं होऊन हाताला लागल्या तेवढ्या कवड्या ओच्यात वेचल्या, दोन्ही गोण्या छातीशी धरल्या आणि गेली.

मी काच पदराने पुसली. मग नायकाला आणून खुर्चीवर बसवलं. पंच समोर फरशीवर बसले, बेबीताईंना मी बाजूला पाट दिला, मी त्यांच्याजवळ बसले.

उत्तमसिंगने विचारलं, "नायक, तब्येत कशी हाये?"

नायक हसला, मान हलवली.

"यंदा लेंगीले बाहेरचे लोक लय येतीन म्हणतात."

हसला, मान हलवली.

उत्तमसिंगने खाकरून घसा साफ केला. "नायक, पंचायचं म्हणणं असं हाये, का तुमचं वय झालं. पगडी आता देवसिंगच्या डोक्यावर जावी. तुमची राजीखुशी हाये का?"

प्रत्येक शब्द काचेवर आपटून परत येत होता. मी ऐकत होते आणि पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. देवळासारखं काही नव्हतं त्यात. रिकाम्या रांजणात बोलल्यासारखं होतं.

नायक हसला. आणि मान हलवली.

मी शिकवली होती तशीच. एवढीसुद्धा इकडे-तिकडे नाही.

"झालं," उत्तमसिंग माझ्याकडे बघून म्हणाला. देवसिंगचा चेहरा उतरला होता. उत्तमसिंग उठला, पुढे झाला आणि नायकाच्या डोक्यावरच्या पगडीला त्याने दोन्ही हात लावले.

नायकाचा हात वर गेला. त्याने पगडी धरली. "काय करून राह्यला उत्तम?" तो म्हणाला. उत्तमसिंग काहीतरी बोलला, आणखी दोघे बोलले, सगळ्यांचे आवाज एकमेकांत कालवले गेले. नायक एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. जत्रेत आईचा हात सुटलेल्या लेकरासारखा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, ही सांगेल काय चाललंय ते.

मी खाली पाहिलं.

तेवढ्यात दारातून जमनी आली. घुंगट हनुवटीपर्यंत. हातात ती मोठी गोणी. पंचांच्या मधून ती सरळ चालत गेली, एवढ्या पुरुषांच्या मधून, आणि नायकाची खुर्ची नि कपाट यांच्या मधल्या हातभर जागेत शिरली. काचेला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हातांनी गोणी डोक्याच्या वर धरली. त्या गोणीमागे ती दिसेना, नुसती बोटं दिसत होती काठावर.

"आता इचारा," ती म्हणाली. "कारभारी, एकट्यानं बोला. बाकीचे चूप बसा."

सासऱ्यासमोर तिचा आवाज तीन वर्षांत पहिल्यांदा निघाला. एक म्हातारा पंच "आरारा" म्हणून उठायला लागला. देवसिंगने त्याचा हात धरून खाली बसवलं.

उत्तमसिंगने पुन्हा सगळं सांगितलं. हळू सांगितलं, त्यालाही शरम आली असावी.

नायक ऐकत होता. उजवा कान गोणीकडे, डोळे उत्तमसिंगवर. ऐकता ऐकता त्याचा चेहरा परत त्याचा झाला. मी चाळीस वर्षं ओळखते तो चेहरा.

"एवढं हळू कायले बोलतं?" तो म्हणाला. "मले ऐकू येऊन राह्यलं. माही इच्छा हाये असं तुले कोणं सांगितलं?"

उत्तमसिंगने फरशीकडे पाहिलं. देवसिंगने माझ्याकडे पाहिलं. बेबीताईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी आपली भांड्यांकडे बघायला गेले, तर मधे गोणी.

"कोणं सांगितलं?"

मी सांगायला पाहिजे होतं. तोंड होतं मला, आणि ते कधी बंद नसतं. त्या दिवशी ते उघडलं नाही.

नायकाने हात बाजूला नेला आणि गोणीच्या काठाला लावला. चाचपला, अंगठ्याने नक्षी दाबून पाहिली. "ही माह्या याडीची गोणी. माळ्यावरून कोणं काढली?"

बेबीताई बिचाऱ्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "सुनबाईच्या माहेरची ना ती?"

"नाई बाई," नायक म्हणाला. "माह्या याडीनं इणली. याच्यात मीठ भरून आमचे बैल चालत. मी इच्यावर झोपून मोठा झालो. आमची शेती तं कालची हाये."

बेबीताईंनी आपला पदर सारखा केला. सारखाच होता तो.

"पगडीचं होळीनंतर पाहू," नायक म्हणाला. "ज्याले पाह्यजे त्यानं माह्या तोंडावर मांगावं, देऊन टाकतो. आधी देवीलालच्या भावाले बोलवा. त्याचं अर्धं बोलणं राह्यलं होतं. मले ते ऐकू आलं नोतं, आणि मी निकाल देल्ला. ते चूक झालं."

देवीलालच्या भावाला शेतातून बोलावून आणलं. तो आला, बसला, पाणी प्याला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. लांबण लावणारा माणूस. नायक एकेक गोष्ट विचारत होता, आणि विचारलेलं सगळं नेमकं. निकाल फिरला. भाऊ पाया पडला. देवीलालला बोलायला जागाच उरली नव्हती.

आणि तेवढा सगळा वेळ जमनी हात वर करून उभी. गोणी जड असते. बोटं पांढरी पडली होती, गोणी थरथरत होती. मी हातावर हात ठेवून बसले होते. खिळे भिंतीत होतेच, स्टूल तिथंच होतं, दोरी दारामागे पडली होती. मला ठाऊक होतं सगळं. मी उठले नाही. शेवटी देवसिंग उठला, बापासमोर, पंचांसमोर बायकोच्या हातातली गोणी त्याने घेतली आणि खिळ्याला बांधली. आमच्यात नवरा असं चारचौघांत करत नाही. कोणी हसलं नाही.

जाताना बेबीताई दमणीत चढता चढता म्हणाल्या, "हंसाबाई, मले खोटं सांगाचं काई कारण नोतं हो. आमचे आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबत होते." त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

लोक गेल्यावर मी खोलीत गेले. कपाटाखाली कवड्या गेल्या होत्या. गुडघे टेकून, गाल फरशीला लावून हात आत घातला. हात पुरेना. केसांना बांधलेली चांदीची घुगरी-टोपली धुळीत लोळली. कवडी बोटाला लागे आणि पलीकडे घसरे. तेवढ्यात बाजूला कोणी बसलं. जमनीने चुलीची फुंकणी आणली होती. फुंकणीने तिने एकेक कवडी पुढे ढकलली आणि मी वेचली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मी सुईत दोरा ओवायला घेतला. डोळ्यांना दिसेना. तिने माझ्या हातातून सुई घेतली, ओवून परत दिली. मी कवड्या शिवत बसले. सासू जशी टाके घाली तसे घालायचा प्रयत्न केला, तसे आले नाहीत.

शिवून झाल्यावर दुसरी गोणीही काचेवर बांधली. गोधड्या अंथरल्या. आणि खुर्ची मी स्वतः उचलून दाराजवळ नेली. कपाटातली भांडी आता कोणालाच दिसत नाहीत.

दिवे लागले. नायक आला, खुर्ची जागेवर नाही हे त्याने पाहिलं, आणि नव्या जागी बसला. देवसिंगने रेडिओ लावला. आवाज लहान वाटला मला, घरातल्या माणसाने बोलावं एवढा. नागपूरहून कोणी दोन गडी शेतीचं काही बोलत होते, एक शहाणा आणि एक बावळट. बावळट काहीतरी बोलला आणि नायक हसला. आमच्या सगळ्यांच्या आधी हसला. मी नुसतीच मान हलवली.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हंसा, मान हालवू नोको. हास."

मला हसू आलं नाही. मी उठून बाहेर आले. तो मला एवढंच बोलला. दुसरं काही बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. अजूनही रेडिओ लागला की मला ते वाक्य ऐकू येतं, आणि त्याला अडवायला गोणी नाही.

ओसरीवर जमनी भाकरी थापत होती. मला पाहून तिने घुंगट पुढे ओढला. मी तिच्यासमोर बसले. चाळीस वर्षं लोकांचे निकाल नायकाने दिले, घरातल्यांचे मी. हा एक राहिला होता. आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी बोलले.

"जमने, चूक तुहीच हाये. गोणी टांगली ते नाई. पंचात बोलली ते बी नाई. मी गोणी ओढाले गेली तवा तू माहा हात धरला नाई, तिथं चुकली. पुढच्या वेळी धर. आणि घट्ट धर, मी झटकीन."